मंदीच्या दिवसांतील मरणाचा जाब

वाईट दिवस आले, बाजार बसला, हातचे काम गेले, आणि अशा वेळी एखाद्या घरी मृत्यू झाला, म्हणजे समाचारास आलेले लोक बहुधा दोन गोष्टींपैकी एक बोलतात. कोणी म्हणतो, "देवाची मर्जी, त्याचे दिवस भरले होते." कोणी म्हणतो, "काळच वाईट आला, मंदीने मारले." पहिले बोलणे भाविकाचे दिसते व दुसरे व्यवहारी माणसाचे, परंतु दोहोंचा शेवट एकच होतो. बोलणारा उठून आपल्या घरी जातो, आणि त्या मरणाविषयी आपणांसही काही जाब द्यावा लागेल असे त्यास वाटत नाही. मंदी खरोखर माणसे मारते काय? मारीत असेल, तर त्याचा जाब कोणी द्यावा? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

मंदी म्हणजे काय, हे खेड्यातील माणसास समजावून सांगावयास नको. शेतात पीक उभे असते, पण त्यास भाव नसतो. अंगात बळ असते, पण त्यास काम नसते. १९२९ च्या आक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क येथील शेअरबाजार कोसळला, व त्यानंतर जी मंदी आली तिने जवळजवळ सर्व जग व्यापिले. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार होता. आपल्या देशात शेतमालाचे भाव थोड्याच वर्षांत निम्म्याच्या आसपास आले. सावकाराचे कर्ज मात्र जितक्या रुपयांचे होते तितक्याच रुपयांचे राहिले. म्हणजे जे देणे पूर्वी एक पोते विकून फिटे, त्याच देण्यास दोन पोती लागू लागली. १९३१ सालापासून हिंदुस्थानातून परदेशी सोन्याचा ओघ सुरू झाला. त्या सोन्यात खेड्यापाड्यांतील बायकांनी अंगावरून उतरवून दिलेले दागिने पुष्कळ होते.

अशा काळी मृत्यूंचे प्रमाण वाढले असेलच, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु होसे तापिया ग्रानादोस व आना दिएझ रू या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील त्या काळच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो वाचून आम्ही चकित झालो. १९२९ साली अमेरिकेत अपेक्षित आयुर्मान सुमारे ५७ वर्षे होते. १९३२ साली, म्हणजे मंदी अगदी खोल गेली असता, ते ६३ वर्षांवर गेले. स्त्रियांचे वाढले तसे पुरुषांचेही वाढले; गोऱ्यांचे वाढले तसे काळ्यांचेही वाढले. उलट १९३६ च्या सुमारास व्यापार पुन्हा जोमाने चालू लागला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाणही चढले. १९२२ साली ऑगबर्न व डोरोथी थॉमस यांनी पूर्वीच्या तेजीमंदीचा हिशेब मांडला होता, त्यातही असेच काहीसे दिसून आले होते. परंतु तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे लोकांस जड गेले.

असे का व्हावे? तेजीत कारखाने रात्रंदिवस चालतात. कामकऱ्याची झोप कमी होते, घाई वाढते, यंत्रांवर व रस्त्यांवर अपघात वाढतात, हवेत धूर वाढतो, हाती पैसा खेळला म्हणजे दारू व तंबाखूही वाढते. मंदीत हे सर्व मंदावते. अभ्यासकांचे अनुमान साधारणपणे असे आहे. शिवाय १९२८ च्या अखेरीस व १९२९ च्या आरंभी इन्फ्लुएंझाची मोठी साथ येऊन गेली होती, त्यामुळे आरंभीचा आकडाच वाईट होता, हेही विसरता कामा नये. तथापि एक गोष्ट पक्की आहे. त्या काळच्या मृत्यूंपैकी सुमारे दोनतृतीयांश ज्या सहा कारणांनी होत असत, त्यांपैकी एकच कारण मंदीत वाढले, आणि ते म्हणजे आत्महत्या.

आता हे वाचून एखादा सुखवस्तू गृहस्थ म्हणेल, "पाहा, गरिबी माणसास मानवते! मंदीत लोक कमी मरतात. मग मदतीची एवढी ओरड कशाला?" हा तर्क अगदी खोटा आहे, व तो कोठे खोटा आहे हे नीट पाहिले पाहिजे; कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

पहिली गोष्ट ही की, मृत्यूची वही म्हणजे माणसाच्या हानीची सगळी वही नव्हे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्थाल नावाचे एक खेडे आहे. सबंध गावाचे पोट एका कापडगिरणीवर चाले. मंदी येताच ती गिरणी बंद पडली व बहुतेक घरांत मिळवते माणूस उरले नाही. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल हे अभ्यासक आपल्या सोबत्यांसह तेथे गेले, आणि जे दिसले ते त्यांनी १९३३ साली ग्रंथरूपाने छापिले. त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांची चाल घड्याळ लावून मोजिली. पुरुष सावकाश चालत, वाटेत पुनःपुन्हा थांबत. त्यांस कोठे पोहोचावयाचे नव्हते. बायकांच्या मागे चूल, धुणे व मुले पूर्वीसारखीच होती, म्हणून त्या भराभर चालत. आता पुरुषांस वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके पूर्वीपेक्षा फारच कमी जाऊ लागली. दिवसभर काय केले असे विचारले तर पुष्कळ पुरुषांस सांगता येईना. हे लोक मेले नव्हते. मृत्यूच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. परंतु ज्याने माणसास आपल्या प्रतिरूपाचे केले, त्याच्या दृष्टीने त्या गावाचे काहीच गेले नाही असे कोण म्हणेल? आपल्या गावातही चावडीच्या पारावर असे बसलेले तरुण आपण पाहिले आहेत, आणि त्यांस आळशी म्हणून पुढे गेलो आहो.

दुसरी गोष्ट ही की, अमेरिकेतील ते आकडे अमेरिकेचे आहेत. तेथील शहरांत त्यापूर्वीच स्वच्छ पाण्याचे नळ आले होते. लोकांजवळ काही साठा होता. उपाशी माणसांस अन्न देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. जेथे एका दिवसाच्या मजुरीवर त्याच रात्रीची भाकर अवलंबून असते, तेथे हिशेब निराळा होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकोणसाठ गरीब देशांतील सुमारे १७ लाख जन्मांची माहिती तपासली आहे. देशाचे उत्पन्न घटले की तान्ह्या बाळांचे मृत्यू वाढतात, आणि मुलांपेक्षा मुलींचे अधिक वाढतात, असे त्यात आढळले. आपल्या देशातील खेड्यांविषयी सोनिया भालोत्रा यांनी २०१० साली हेच दाखविले. वाईट वर्षी गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका मिळेल त्या कामावर जातात, दवाखान्यात जाणे टळते, आणि त्याची किंमत तान्हे बाळ देते. त्यातही मुलगी आधी.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतो. मंदी न्यूयॉर्कमध्ये उत्पन्न होवो किंवा मुंबईत. मुलीच्या ताटातील भाकर बाजार काढून घेत नाही. ती घरातलाच कोणाचा तरी हात काढून घेतो. भाकरी कमी पडली तर आधी कोणास वाढावयाचे, हे घरोघर ठरलेले असते. मुलगा व मुलगी दोन्ही देवाची देणगी आहेत असे आपण उपासनेत म्हणतो. ते खरे मानतो की नाही, हे अशा वर्षी चुलीपाशी कळते.

तिसरी गोष्ट ही की, सारख्याच संकटात एका देशातील लोक मरतात व दुसऱ्यातील तगतात. १९९१ साली सोव्हिएट राज्य मोडले व रशियातील जुनी व्यवस्था एकाएकी कोसळली. कारखाने बंद पडले, त्यांच्याबरोबर कारखान्याचा दवाखाना व आधारही गेला, आणि हताश झालेले पुरुष दारूत बुडाले. पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान १९९० साली सुमारे ६४ वर्षे होते, ते १९९४ साली ५८ च्याही खाली आले. त्याच सुमारास शेजारच्या फिनलंड देशातही भारी मंदी आली. तेथे बेकारांचे प्रमाण शेकडा तीनचारावरून शेकडा सोळाच्या वर गेले. तरी त्या वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण वाढले नाही. उलट १९९० नंतर ते उतरत गेले. त्या देशाने बेकार माणसास वाऱ्यावर सोडिले नव्हते. त्यास निर्वाह मिळे, दवाखाना उघडा राही, व निराश माणसांस सावरण्याचे काम आधीपासूनच चालू होते. दोन्ही देशांची स्थिती सर्वस्वी सारखी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु रोजगार जाणे म्हणजे जीव जाणेच असे नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

ग्रीस देशाचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. २०१० साली तो देश कर्जात बुडाला, तेव्हा इतर खर्चांबरोबर आरोग्याचाही खर्च छाटण्यात आला. जो हिवताप त्या देशातून १९७४ साली नाहीसा झाला होता, तो २०११ साली दक्षिणेकडील लाकोनिया प्रांतात स्थानिक डासांपासून लोकांस पुन्हा होऊ लागला. अथेन्स शहरात सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये एड्सच्या विषाणूची लागण पूर्वी वर्षास जेमतेम दहापंधरा जणांस होत असे; २०११ साली ती दोनशेंहून अधिकांस झाली. हे रोग वाढण्याचे कारण निव्वळ मंदी नव्हे. मंदीत काय राखावयाचे व काय सोडावयाचे, याविषयी माणसांनी केलेली निवड हेही एक कारण होते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातच याचे प्रमाण आहे. दुष्काळ व मंदी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे खरे. परंतु गरिबाच्या दारात त्या एकाच वाटेने येतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाविषयी लिहिताना दाखविले की, तेथे मुख्यतः धान्याच्या तुटवड्याने नव्हे, तर धान्य विकत घेण्याची ऐपत गेल्याने लोक मेले. शेतमजूर, कोळी व कारागीर यांची मजुरी भावापुढे टिकली नाही. म्हणजे दुष्काळातही आधी मजुरी मरते, आणि मग मजूर.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे काढिली होती; परंतु खर्च वाचविण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरविली. दिवसभर काम करणाऱ्या गड्यास एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, व वर थोडासा पैसा, इतकी ती मजुरी खाली आली. आमच्या इलाख्यात हजारो मजूर ते काम सोडून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडिली. त्या दुष्काळात लक्षावधी लोक मेले. पुढे १९७२-७३ साली महाराष्ट्रात फार कडक अवर्षण पडले. पीक बुडाले, विहिरी आटल्या, जनावरे मेली. परंतु या वेळी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली; १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांच्या कामांवर होती. त्या वर्षी जे लहान होते त्यांस मिलो नावाची तांबडी ज्वारी व सुकडी अजून आठवते. हाल पुष्कळ झाले. पण पूर्वीच्या दुष्काळांसारखे मरण आले नाही. त्यातूनच रोजगार हमी योजना स्थिर झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौलाने गलतीकरांस जे लिहिले, त्याचा एक अंश येथे कायद्यात उतरला असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर असे. मंदी ही नदीच्या पुरासारखी आहे. पूर किती यावा हे गावाच्या हाती नसते. परंतु खालच्या आळीतील घरांस वेळेवर हाक मारावी की नाही, हे गावाच्याच हाती असते. मजुरी बंद झाली त्या दिवसापासून मरण येईपर्यंत मध्ये पुष्कळ दिवस जातात, आणि त्या प्रत्येक दिवशी कोणीतरी काहीतरी करू शकतो. जाब त्या दिवसांचा आहे. तो सरकारने द्यावा, श्रीमंताने द्यावा, आणि शेजाऱ्यानेही द्यावा.

यावर आमच्याच लोकांकडून तीन आक्षेप येतात. कोणी म्हणतात, हे देवाने केलेले शासन आहे, त्यात आम्ही हात कसा घालावा? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूनेच केला व त्याचे उत्तर नाही म्हणून दिले, हे लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. जो निवाडा प्रभूने केला नाही तो आपण करू नये. दुसरे कोणी पौलाचे वचन पुढे करितात की, जो काम करीत नाही त्याने खाऊही नये. परंतु थेस्सलनीकाकरांस लिहिलेले ते वचन काम करू न इच्छिणाऱ्याविषयी आहे, काम न मिळणाऱ्याविषयी नव्हे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील धनी दिवस मावळता मावळता बाजारात उभ्या असलेल्यांस का उभे आहा म्हणून विचारतो. आम्हांस कोणी कामावर लाविले नाही असे ते सांगतात. आणि तो त्यांस नीतीचा उपदेश न करिता काम देतो, व त्यांच्या मुलांस रात्री पुरेल एवढी पूर्ण मजुरी देतो. तिसरे म्हणतात, आम्ही स्वतःच गरीब, आम्ही काय देणार? अगबाने मोठ्या दुष्काळाचे भविष्य सांगितले, तेव्हा अंत्युखियातील शिष्यांनी हे कोणाच्या पापाने झाले याची चर्चा केली नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावयाचे ठरविले, व ते यहूदीयातील बंधूंकडे पोहोचविले. ऐपतीप्रमाणे, यात गरीबही आला.

तर मग आमच्या मंडळ्यांनी करावे काय? उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, वाईट वर्षी उपासनेस कोण आला याबरोबरच कोण यावयाचा बंद झाला, हेही त्यांनी टिपून ठेवावे. कित्येक जण अंगावर धड वस्त्र नाही किंवा दानास पैसा नाही या लाजेने येत नाहीत. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे व जो एकाएकी गप्प झाला आहे, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे. प्रार्थनेपूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, व त्यास एकटे पडू देऊ नये. विदर्भात कापूस पिकविणारे किती तरी शेतकरी जिवास मुकले ते कर्जाच्या याच ओझ्याने व एकटेपणाने. घरात गरोदर बाई व लहान मुलगी काय खाते, हे पाळकाच्या पत्नीने किंवा मंडळीतील वडील बायकांनी गोडीने पाहावे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण तेथे जावयास गाडीभाडे लागते व त्या दिवसाची मजुरी बुडते. तेवढ्यासाठी कोणाचे औषध मध्येच सुटत असेल तर ते भाडे मंडळीने द्यावे. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवण्याची जुनी चाल पुन्हा सुरू करावी. मात्र त्या धान्याचा वाटा देताना कोणाचे नाव सभेत वाचू नये. आणि गावात सरकारी काम निघण्याजोगे असेल, तर उपदेशकाने त्याचे नियम स्वतः समजून घ्यावे, ज्यांस लिहिता येत नाही त्यांची मागणी लेखी करून द्यावी, व तिची पोच मागून घ्यावी. भिक्षेपेक्षा काम बरे. मारिएन्थालच्या त्या सावकाश चालणाऱ्या पुरुषांस अन्नाइतकीच कामाची भूक होती.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. आपल्या कित्येक मंडळ्यांची मुळे दुष्काळाच्या वर्षांत आहेत. १८७७ सालचे व १९०० सालचे अनाथ मिशनच्या आवारात वाढले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित प्रांतांतून शेकडो मुली केडगावास आणिल्या व जगविल्या. त्यांची नातवंडे, पणतवंडे आज आपल्यामध्ये बसून गीते गातात. त्या काळीही पुष्कळांनी म्हटलेच असेल की त्यांचे दिवस भरले. परंतु कोणीतरी तसे म्हटले नाही. उठून गेले आणि पोर उचलून आणिले. म्हणून आज आपण आहो. पुढच्या वाईट वर्षी आपल्या गल्लीत मरण आले, तर ते देवाच्या किंवा बाजाराच्या नावावर लिहिण्यापूर्वी, मध्ये गेलेल्या दिवसांत आपण काय केले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आपला भाऊ कोठे आहे, असे देवाने काइनास विचारिले होते. तोच प्रश्न आपणांसही एके दिवशी विचारला जाईल.